सायक्लोट्रॉन शिकून नोकरी कुठे?

प्रश्न : मुलगी सांगलीत ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कार्बन-१४ (जुन्या वस्तूंचं वय सांगणारा कार्बन) मोजणाऱ्या छोट्या सायक्लोट्रॉनचे (आयनांना चुंबकात गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्राचे) आरएफ, म्हणजे रेडिओ वारंवारतेवर चालणारे भाग डिझाइन करायचे, असं तिनं डोक्यात घेतलंय. कॅम्पसमधून आयटीत नोकरी लागू शकते. ती सोडून हे कशाला? – एक वडील

उत्तर : नमस्कार. या नावाची नोकरी जाहिरातीत सापडणार नाही, हे आधीच सांगतो. सायक्लोट्रॉन मास स्पेक्ट्रोमीटरसारखा, म्हणजे अणू वजनावरून वेगळे करून मोजायला वापरता येईल, हे १९७७ साली बर्कलीच्या रिचर्ड म्युलर यांनी दाखवलं. पुढे तिथे आणि शांघायला छोटी यंत्रं झाली, पण मैदान मारलं ते टँडेम प्रवेगकांनी (एकाच व्होल्टेजनं आयनांना दोनदा ढकलणाऱ्या यंत्रांनी). आपल्या दिल्लीच्या आययूएसी या प्रवेगक केंद्रातही कार्बन-१४ टँडेमवरच मोजतात.

तरी लेकीचा हट्ट पोरकट नाही. १ टेस्लाच्या चुंबकात कार्बन-१४चा आयन सेकंदाला सुमारे ११ लाख फेऱ्या मारतो, म्हणजे १.१ मेगाहर्ट्झ. त्याच तालावर व्होल्टेज देणारा, पाव तरंगलांबीचा रेझोनेटर करायचा तर तो ६८ मीटर लांब होईल. खोलीत मावणाऱ्या यंत्रात बसवणार कुठे? मग वरच्या हार्मोनिककडे, म्हणजे त्याच्या काही पट वारंवारतेकडे जावं लागतं. त्यात कार्बन-१३ आणि हायड्रोजनची जोडी हा तोतया वजनात जेमतेम १८०० भागांत एका भागानं वेगळा. फेऱ्या जितक्या जास्त, हार्मोनिक जितका वरचा, तितका तो ताल चुकून बाहेर पडतो. म्हणून इथे ‘डी’वरचं (आयनांना ढकलणाऱ्या पोकळ इलेक्ट्रोडवरचं) व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवायचं, म्हणजे फेऱ्या वाढतात. एरवी सायक्लोट्रॉनवाले ते वाढवायला धडपडतात! हे वाचून कुणाला मजा वाटत असेल, तर तिला अडवू नये असं माझं मत.

पण वेड तपासून घ्या. ७५ सेंटिमीटरच्या तांब्याच्या नळीतून १०० मेगाहर्ट्झचा रेझोनेटर तिला बनवू द्या. नॅनोव्हीएनए हे स्वस्तातलं आरएफ मोजायचं यंत्र आणून क्यू (रेझोनेटर ऊर्जा किती कमी वाया घालवतो याचा आकडा) मोजू दे. तो हिशेबापेक्षा कमीच येईल. का आला, हे शोधायला ती सुट्टीचे चार दिवस घालवते का, बघा.

घालवले, तर दारं बरीच आहेत. मुंबईची समीर संस्था कॅन्सरच्या उपचारांसाठी लिनॅक (सरळ रेषेतले प्रवेगक) बनवते. इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ प्रवेगकाच्या कॅव्हिटी (धातूचे पोकळ रेझोनेटर) ५०५.८ मेगाहर्ट्झवर चालतात. कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन केंद्रात तर सायक्लोट्रॉनच आहेत. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला गेटच्या गुणांवरूनही मुलाखतीला बोलावतात. पदवीला ६० टक्के मात्र हवेत. शिवाय रडार, एमआरआय, मोबाइलचे टॉवर, सगळीकडे आरएफच.

आयटीची ऑफर आली तर घेऊन ठेवू द्या, घरातली काळजी मला कळते. फक्त शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत आणू देऊ नका, त्या नळीचाच करू द्या.