मंगळावर खासगी कंपनीने वसाहत उभारली, तर तिथे कंपनीचंच राज्य चालेल का?

कागदावर तरी नाही. 1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार कुठल्याही देशाला ग्रहांवर मालकी सांगता येत नाही, आणि खासगी कंपनीच्या तिथल्या उद्योगांनाही तिचा देशच जबाबदार असतो. मंगळावर वसाहत करू पाहणाऱ्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेच्या ग्राहक-करारात मंगळ हा ‘मुक्त ग्रह’ आहे, पृथ्वीवरच्या सरकारांचा तिथे अधिकार नाही, असं कलम घातलं होतं. अशा कलमाने आंतरराष्ट्रीय कायदा रद्द होत नाही.

मला भीती वाटते ती रोजच्या व्यवहाराची. शिकागोजवळचं पुलमन गाव बघा. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने ते कामगारांसाठी बांधलं. कारखाना तिचा, घरंही तिचीच. 1893 च्या मंदीत तिने पगार कापले, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. 1894 मध्ये संप पेटला आणि तो मोडायला केंद्र सरकारने सैन्य धाडलं. कारखान्याबाहेरची मालमत्ता विकून टाका, असा आदेश तिथल्या इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो थेट 1898 मध्ये!

त्या कामगारांना निदान गाव सोडता येत होतं. मंगळावर माणसाला दिवसाला लागणारा सुमारे 0.84 किलो ऑक्सिजन कंपनीच्या यंत्रातून येणार. परतीचा सोयीचा काळ साधारण 26 महिन्यांनी एकदा, आणि यानही तिचंच. राजीनामा देऊन जाणार कुठे? म्हणून हवा, पाणी आणि परतीची जागा यांचा नोकरीशी संबंधच ठेवू नये. हे हक्क त्या जबाबदार देशाच्या कायद्यात पहिलं यान सुटण्याआधीच लिहून घ्यायला हवेत.