भ्रम की भ्रंश?

प्रश्न असा: वृद्धांच्या वॉर्डात काम करणाऱ्या एका परिचारिकेला ड्यूटी बदलतानाच्या नोंदवहीत डिलिरिअम (आजारपणात अचानक उडणारा मनाचा गोंधळ) आणि डिमेन्शिया (हळूहळू वाढत जाणारा विसर), दोन्हींसाठी ‘भ्रम’ लिहिलेलं दिसतं. वेगळे शब्द कोणते वापरावेत?

डिमेन्शियाला ‘स्मृतिभ्रंश’ रुळलाय. अडचण डिलिरिअमची. परिभाषेत त्याला ‘मुग्धभ्रांती’ म्हणतात. व्युत्पत्ती चोख आहे: मुग्ध हे मुह् धातूचं रूप, मूढचं सख्खं भावंड, म्हणजे गोंधळलेला. पण आज मुग्ध म्हटलं की लाजरी नायिका डोळ्यांपुढे येते, सलाइन उपसून टाकणारे आजोबा नव्हेत.

फरक लक्षात ठेवायला मी धातूंकडे जातो. भ्रम् म्हणजे भटकणं, भ्रंश् म्हणजे निसटून पडणं. लॅटिन डिलिरिअमचं मूळही नांगराच्या तासाबाहेर जाण्यात आहे. डिलिरिअममध्ये मन तास सोडतं ते काही तासांत, फार तर दिवसांत. सकाळी बरं, संध्याकाळी पुन्हा भलतंच. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, नवं औषध असं कारण सापडून दूर झालं, तर बहुधा ताळ्यावर येतं. भ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतो आणि सुरुवातीला अवधान बरंचसं शाबूत असतं. म्हणून तर अवधान तपासायला महिन्यांची नावं डिसेंबरपासून उलटी म्हणायला लावतात. डिलिरिअममध्ये धागा लवकर सुटतो.

(ही फोड माझी सोय, हे कबूल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६३व्या श्लोकात ‘स्मृतिविभ्रम’ आणि ‘स्मृतिभ्रंश’ लागोपाठ येतात, तेही एकाच अर्थाने!)

‘वात झालाय’, ‘बरळतोय’ हे शब्द झकास, पण ते बडबडणाऱ्या रुग्णालाच लागू पडतात. निपचित पडून हाकेला उशिरा ओ देणाराही डिलिरिअममध्ये असू शकतो. त्याच्यापुढे मात्र ‘आज शांत आहेत’ अशी नोंद होते.

माझं मत: नोंदीत सरळ ‘डिलिरिअम’ लिहा, नातेवाइकांना ‘अचानक आलेला संभ्रम’ सांगा. नुसता ‘भ्रम’ नको. मानसोपचारात तो खोट्या पण पक्क्या समजुतीला म्हणतात. शिवाय स्मृतिभ्रंश असलेल्याला डिलिरिअम चटकन गाठतो, दोन्ही एकाच खाटेवर असतात. तिथे नामापेक्षा कालवाचक शब्द कामाचा: ‘कालपर्यंत मुलीला नावाने हाक मारत होत्या, आज दुपारपासून ओळखत नाहीत.’