प्रोग्रामिंगची नवी भाषा घेऊ, की आहे तीच पक्की करू?

बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथन घेऊ की जावा? एक क्लास सहा महिन्यांत पाच भाषा शिकवतो म्हणे. (नौपाडा, ठाणे)

दोन्हींतली कुठलीही घ्या, पण एकच. पाच भाषांच्या क्लासात प्रत्येक भाषेची गाडी लूप-फंक्शनपाशीच थांबते. पायथन घेतलीत तर फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देऊन त्यात भर घाला आणि तेच फंक्शन दोनदा बोलवा. दुसऱ्या वेळी पहिल्याचा माल आतच सापडेल, कारण ती लिस्ट फंक्शन डिफाइन होतानाच एकदा बनते. डिफॉल्ट 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') ठेवा, लिस्ट आत बनवा. मुलाखतीत असली 'का'ची उत्तरंच विचारतात.

ऐरोलीत नोकरी, आठ वर्षं जावा ८ वरच. गो ही दुसरी भाषा शिकू का? (कळवा)

गो नंतर. जावा ८ आली २०१४ मध्ये. स्प्रिंग बूट ३ (जावात अ‍ॅप्लिकेशन बनवायची फ्रेमवर्क) ला किमान जावा १७ लागते. तुमचं खरं भांडवल म्हणजे जुनं अ‍ॅप्लिकेशन वर आणता येणं. घरी एखाद्या छोट्या प्रोजेक्टवर करून पाहा: आधी ८ वरच स्प्रिंग बूट २.७, मग जावा १७, शेवटी बूट ३. तिन्ही एकदम बदलले तर कोणता एरर कशामुळे आला ते कळत नाही.

१७ वर गेलात की जॅक्सबीचे (जावा ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारी लायब्ररी) क्लास सापडत नाहीत; ते जावा ११ मध्येच काढले, ती लायब्ररी डिपेंडन्सी म्हणून वेगळी टाकावी लागते. बूट ३ ला पॅकेजच्या नावांत 'जावाएक्स'चं 'जकार्ता' होतं, पण सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका! परसिस्टन्स, सर्व्हलेट, व्हॅलिडेशन बदलायचे, जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.क्रिप्टो जेडीकेचे (जावाच्या मूळ संचाचे) आहेत, ते तसेच राहतात.

सर्टिफिकेटचा उपयोग होतो का? (खारघर)

रेझ्युमे चाळणीतून जायला, कधीकधी. पुढे नाही.

मॅन्युअल टेस्टिंग करते. कोड एआयच लिहितं, मग शिकायचं कशाला? (घणसोली)

त्याच्या कोडमधल्या चुका पकडायला. सुरुवात एसक्यूएलपासून (डेटाबेसमधून माहिती मागायची भाषा) करा. २०२४ च्या ऑर्डर मागितल्या आणि क्वेरीत तारखेच्या कॉलमवर 'इयर' फंक्शन लावलेलं आलं, तर निकाल बरोबरच येतो. पण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या कॉलमचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) तारखा गाळायला वापरला जात नाही. क्वेरीपुढे 'एक्सप्लेन' लावा. टाइपच्या रकान्यात 'ऑल' दिसलं, तर अख्खं टेबल वाचलं जातंय. त्याऐवजी १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत अशी अट हवी. '३१ डिसेंबरपर्यंत' लिहिलं आणि कॉलममध्ये वेळही असली, तर त्या दिवशी मध्यरात्रीनंतरच्या ऑर्डर गळतात. टेस्ट डेटात ३१ डिसेंबरच्या दुपारची एक ऑर्डर टाकून ठेवा.