आधी बिल्टी माग, मग हकीकत ऐक

चि. ज्युनिअर वकिलास, अनेक आशीर्वाद.

वाळूजचे कारखानदार, जालन्याचे ट्रान्सपोर्टवाले आणि लातूरच्या मोंढ्यातले आडते यांची कामं घ्यायचं म्हणतेस. मग एक सवय आत्तापासून लाव. पक्षकार खुर्चीत बसला की बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने माल घेताना दिलेली पावती, मागायची आणि तिच्यावरची बुकिंगची तारीख बघायची.

माल हरवला किंवा खराब झाला, तर कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007 च्या कलम 16 प्रमाणे दाव्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस मिळालेली लागते, तीही बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत. डिलिव्हरीपासून नव्हे. 1 जूनचं बुकिंग असेल तर 28 नोव्हेंबरला मुदत संपते. दाव्याला तीन वर्षं आहेत हे पक्षकाराने कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून तो निवांत राहतो आणि नोटिशीवाचून दावा पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बघतो साहेब’च्या भरवशावर राहू नकोस. स्पीड पोस्टाने नोटीस पाठव आणि ती पोचल्याचा पुरावा फाईलला लाव.

मग रक्कम. जादा जोखीम दर, म्हणजे मालाची किंमत जाहीर करून द्यायचं वाढीव भाडं, भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट. भाडं 18,000 रुपये आणि सुटे भाग सहा लाखांचे असतील, तर हाती 1,80,000 येतील. म्हणून माल भरण्याआधीच पक्षकाराला विचार: किंमत जाहीर केली का, विमा आहे का? बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालकाची, असं छापलेलं असतं. त्याने घाबरू नकोस, निष्काळजीपणा त्यात झाकला जात नाही. खरं नुकसान डिलिव्हरीच्या प्रतीवर होतं. ‘माल बरोबर मिळाला’ अशी सही ठोकून देतात. सहीच्या वर ‘12 खोकी भिजलेली, 3 फुटलेली’ असं लिहायला गोदामाच्या माणसाला शिकव. गाडीचा नंबर दिसेल असे फोटोही हवेत.

गोदामाच्या करारात घटीचं, म्हणजे साठवणीत कमी होणाऱ्या वजनाचं, कलम बहुतेकदा नसतंच, आणि भांडण तिथेच पेटतं. 100 क्विंटल सोयाबीन 12 टक्के ओलाव्याने आत गेलं आणि 10 टक्क्यांवर वाळून बाहेर आलं, तर काट्यावर 97.78 क्विंटलच भरतं. चोरी नाही, पाणी उडालं. आत जातानाचा ओलावा काटा पावतीवर नोंदलेला नसेल तर हे कोर्टाला पटवणार कशाच्या जोरावर? ओलावा कसा मोजायचा, घट किती मान्य, हे आकड्यांत लिहून घे.

जुन्या थकबाकीपोटी आजचा माल अडवणं हा गोदामवाल्यांचा आवडता उपाय. करार कायद्याच्या कलम 171 मध्ये बँका वगैरे मोजक्यांनाच तो हक्क आहे. साध्या गोदामवाल्याला करारात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. तुझा पक्षकार गोदामवाला असेल, तर ते वाक्य पहिल्याच मसुद्यात घाल.

आणि ट्रक वाटेत बंद पडला की आधी ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, बघायला सांग. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते.