बाईंना काय द्यायचं?

सुट्टी लागायला पंधरा दिवस उरले की पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास डोकावतो. माझ्याकडे समुपदेशनाला आलेले असतात झोप लागत नाही म्हणून, मुलाच्या हट्टीपणासाठी, घरातल्या कुरबुरींसाठी, आणि उठता उठता विचारतात, "बरं मॅडम, मुलाच्या बाईंना भेट काय द्यावी हो?" पूर्वी मी हसून विषय बाजूला सारायची. आता सारत नाही. दाराशी पोचल्यावर विचारलेला प्रश्न बहुतेकदा तासभर टाळलेला असतो.

दुसरीतल्या एका मुलाच्या आईनं तर मला फोनमधले अकरा फोटोच दाखवले होते. (ओळख पटू नये म्हणून बारकावे बदललेत.) घड्याळ, पर्स, टेबलावरचा दिवा, अजून काय काय.

"यातलं कोणतं?"

"बाईंना काय आवडतं?"

"ते कुठं माहितीये? पण कमी पडायला नको. वर्गाच्या ग्रुपवर बाकीचे बघा काय काय ठरवतायत."

"आणि पडलं कमी, तर?"

"त्याच्याकडे दुर्लक्ष होईल."

"आजवर कधी झालंय?"

"छे. उलट..." एवढं म्हणून त्यांनी पर्सची चेन लावली.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक. माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा स्वतःचा हट्ट जास्त छळतो, हे त्यांचं म्हणणं मला रोज पटतं. त्यामुळे समोरच्याच्या वाक्यातला 'च' मी आधी टिपते. भेट उठून दिसलीच पाहिजे, बाईंना आवडलीच पाहिजे. समुपदेशनाची दोन सत्रं आम्ही या 'च'वर घालवली. तो गेलाही. नाही आवडली तर आकाश कोसळणार नाही, हे बाईंनी (माझ्यासमोरच्या) मान्य केलं. पण अकरा फोटो काही फोनमधून हलले नाहीत. उलट तेरा झाले. माझ्या लाडक्या हत्याराची धार इथं चालत नव्हती, हे कबूल करायला मला आठवडा लागला.

मग मला ते अर्धवट 'उलट' आठवलं.

"पहिल्या दिवशी तुम्ही 'उलट' म्हणालात. त्याच्या पुढं काय होतं?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग सलग बोलल्या. वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. मुलाला वर्गात शू झाली. मधली सुट्टी झाली तरी हा बाकावरून उठेना. शिक्षिकेनं बाकीच्यांना मैदानावर पिटाळलं, दार लोटलं, कपाटातली जादाची चड्डी दिली, बाक स्वतः पुसला. एकाही पोराला पत्ता लागला नाही.

"शाळेतून मला तीन फोन आले होते, मॅडम. मी मीटिंगमध्ये. फोन सायलेंटवर."

"त्यांच्याशी कधी बोललात यावर?"

"काय तोंडानं? ते माझं काम होतं."

"मग ही भेट आहे, की भरपाई?"

हा प्रश्न मी ठरवून आणला नव्हता; पण माझ्या आजवरच्या बऱ्या प्रश्नांत मी त्याला जागा देते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "म्हणून काहीच पुरेसं वाटत नव्हतं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून हा प्रश्न आला की मी वस्तूकडे न जाता विचारते: यातून काय फेडायचंय? काहींना मुलावर मर्जी हवी असते, काहींना ग्रुपमध्ये मान, काहींना आपली गैरहजेरी झाकायची असते. यातलं काहीही असलं तरी वस्तू महाग होत जाते आणि समाधान होत नाही. महाग वस्तू जास्त आवडते, ही समजूत देणाऱ्याचीच असते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या संशोधकांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं. घेणाऱ्यांच्या आनंदाचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात लोकांनी आभाराची पत्रं लिहिली. वाचणाऱ्याला जितकं अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना वाटलं, त्यापेक्षा ते खूप कमी झालं, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त.

म्हणून मी पत्र लिहायला सांगते. 'तुम्ही खूप छान शिकवता' असलं नको. एक दिवस, एक प्रसंग लिहा. मुलाला त्याची ओळ त्याच्या हातानं लिहू द्या आणि देवाशपथ, शुद्धलेखन तपासू नका. सोबत वस्तू द्यायचीच तर आधी शाळेचा नियम विचारा. कित्येक शाळांत भेटी चालत नाहीत. रोख रक्कम नको. वर्गणी काढलीत तर कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका, ज्यांना जमत नाही त्यांची मुलं त्याच वर्गात बसतात. निकाल हातात पडण्याआधी महागडं काही देऊ नका. शिक्षिकेलाही ते घेताना कसंतरीच होतं. आणि त्यांच्याशी काही तक्रार चालू असेल तर आधी ती बोला, भेटीच्या कागदात गुंडाळू नका.

त्या आईनं पत्र लिहिण्याआधी मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "लिही, पण सगळ्यांसमोर देऊ नको." पत्रासोबत तिनं लहान मुलांच्या दोन नव्या चड्ड्या धुऊन, घडी करून दिल्या. वर्गाच्या कपाटासाठी.

शिक्षिकेनं त्या लगेच आत ठेवल्या. म्हणाल्या, "बरं झालं हो, एकच उरली होती."