उपचार घेऊन आलेल्या चुलतभावाला दुकानात परत घ्यावं का?

जरूर घ्या, फक्त लगेच गल्ल्यावर बसवू नका. इंदूरच्या तुमच्या कापडदुकानातले पैसे त्याने दारूत उडवले, असं तुम्ही लिहिलंय. मग सुरुवातीला कापडाची ठाणं मोजणं, गिऱ्हाइकाला माल दाखवणं एवढंच काम द्या. पगार त्याच्या हातात द्यायचा की वहिनींच्या, हे त्यालाच विचारा. परस्पर ठरवलंत तर तो मनातून दुखावेल. आणि रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, त्याला एकटं सोडू नका. राजवाड्याच्या त्या गर्दीत जुने सोबती हमखास भेटतात.

पुन्हा प्याला तर? या आजारात असं बऱ्याच जणांचं होतं, म्हणून उपचार वाया गेले असं नाही. हाकलू नका, डॉक्टरांकडे न्या. रोजची दारू एकदम बंद केली की झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, त्यामुळे घरी कोंडून ठेवणं धोक्याचं. दारू सुटावी म्हणून देतात त्या डायसल्फिरामच्या गोळ्या चहातून गुपचूप देणं तर अजिबात नको, वर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तुम्हीही तिथे बोलू शकता.