स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर कुत्र्यासह कॉटेज बुक करताना मालकाला आधी काय विचारावं?

अंगणाला चहूबाजूंनी कुंपण आहे का आणि शेजारी मेंढ्या चरतात का, हे सगळ्यात आधी विचारा. ‘कुत्र्यांना परवानगी आहे’ एवढ्यावर पैसे भरू नका. तिथे मेंढ्या अगदी दारापर्यंत येतात. स्कॉटलंडमध्ये २०२१च्या कायद्याने मेंढ्यांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभराची कैद होऊ शकते. त्यातही कुंपण कसलं आहे ते नीट विचारा, जमलं तर फोटो मागवा. मेंढ्या अडवायला लावलेल्या तारेच्या जाळीचे चौकोन बरेच मोठे असतात, त्यातून छोटं कुत्रं सहज निसटतं. फाटकाखालची फटही बघा.

बाकी विचारायचं ते एवढंच:
- कुत्र्याला घरात एकटं ठेवता येतं का? बरेच मालक नाही म्हणतात.
- जवळचा पशुवैद्य कुठे? स्काय किंवा लुईस या मोठ्या बेटांवर सोय आहे, छोट्या बेटावरून मात्र फेरीबोटीने जावं लागू शकतं.

वाऱ्यामुळे फेरीबोट रद्द होते, म्हणून कुत्र्याचं खाणं आणि औषधं दोन-तीन दिवसांची जास्तीच न्या. गोचीड काढायचा चिमटाही हवाच.

फक्त एक लक्षात घ्या: कुंपण कितीही पक्कं असलं तरी एप्रिल ते जुलै फिरायला नेताना पट्टा सोडू नका. किनाऱ्यालगतच्या गवतात पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.